मानवशास्त्राची खुली नियतकालिके आणि आपण

१

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी प्रा. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने भारतातील जातींवर निबंध वाचला. तो विद्यार्थी कोण, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. जात म्हणजे बंदिस्त झालेला वर्ग, आणि तो बंदिस्त ठेवणारी कडी म्हणजे जातीअंतर्गत विवाह, ही बाबासाहेबांची मांडणी आपण अभ्यासशिबिरांतून, भाषणांतून, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून शेकडो वेळा उगाळली आहे. परंतु त्या निबंधातल्या एका साध्या गोष्टीकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे मला वाटते. बाबासाहेब आपले म्हणणे मांडण्यापूर्वी सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांनी केलेल्या जातीच्या व्याख्या समोर ठेवतात, एकेक तपासतात, आणि कुठे काय कमी पडते ते दाखवतात. हे चौघे त्या काळचे जातिविषयक अधिकारी लेखक. त्यांतला रिस्ले तर १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त. माणसांच्या नाकांची मापे घेऊन जातींची प्रतवारी लावणारा. या चौघांचे दोष दाखवायचे तर आधी त्यांना वाचणे भाग होते. ते वाचता आले, कारण कोलंबियाच्या ग्रंथालयाचे दार त्या विद्यार्थ्याला उघडे होते.

तो निबंध पुढे मे १९१७ मध्ये 'इंडियन ॲन्टिक्वरी' या नियतकालिकात छापून आला. आज तो कोणालाही, एक पैसाही न देता, वाचता येतो. पण आजच्या रिस्लेचे काय? आज आपल्यावर जे लिहिले जाते ते आपल्याला वाचता येते का? हा प्रश्न मी या लेखात विचारणार आहे. मानवशास्त्राची विनामूल्य नियतकालिके कोणती, ती कुठे आणि कशी शोधावीत, हा वरवर पाहता ग्रंथपालाच्या खात्यातला विषय. परंतु ज्यांच्यावर लिहिले जाते आणि ज्यांना ते वाचता येत नाही, अशांच्या दृष्टीने तो ज्ञानव्यवहारातल्या मक्तेदारीचा प्रश्न आहे. म्हणून तो या पानांवर.

२

माझा स्वतःचा अनुभव सांगणे इथे आवश्यक आहे. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकवतो. घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. साधारण १९९९ च्या सुमारास, मी पाचवीत असताना, आमच्या वस्तीत एक संशोधक आले होते. ते परप्रांतातले होते, मराठी त्यांना येत नव्हते. सोबत गावातलाच एक शिकलेला माणूस दुभाषा म्हणून होता. आजीला अंगणात बसवून त्यांनी दोन दिवस प्रश्न विचारले. माय चहा करीत होती. आम्हा पोरांना गोळ्या मिळाल्या, एवढे मला आठवते. पुढे ते लिखाण कुठे गेले, त्याचे काय झाले, याची आमच्या वस्तीत कोणी चौकशी केली नाही, आणि आम्हाला कोणी सांगितलेही नाही.

वीस वर्षांनी, २०१९ मध्ये, मी तासिका तत्त्वावर शिकवत असताना संदर्भ शोधता शोधता एका इंग्रजी जर्नलमधल्या लेखाचे शीर्षक आणि दहा ओळींचा सारांश माझ्या समोर आला. गावाचे नाव बदलले होते. पण दोन ओढ्यांच्या बेचक्यातली वस्ती, मरीआईचे ठाणे, यात्रेतला मान, हे सारे ओळखीचे होते. लेख उघडायला गेलो तर सदतीस डॉलर मागितले. म्हणजे त्या वेळचे अडीच हजारांहून अधिक रुपये. माझे मानधन तासांवर, आणि ते वर्षातून दोनदा कधीतरी हातात पडायचे. माझ्या आजीने जे फुकट सांगितले, ते तिच्या नातवाने अडीच हजारांना विकत घ्यावे असा हा हिशेब होता. मी तो लेख घेतला नाही.

दोन वर्षांनी एका मित्राने सांगितले की, पुष्कळ लेखक आपल्या लेखाची छपाईपूर्व प्रत आपापल्या विद्यापीठाच्या खुल्या संग्रहात ठेवतात, शोधून बघ. शोधले, आणि खरोखरच तो लेख तिथे होता. पैसे न देता मी तो वाचला. त्यात साठीच्या आसपासची एक निनावी स्त्री आहे. यात्रेत आपल्या लोकांना मिळणाऱ्या हलक्या मानाबद्दल तिला विचारले, तेव्हा रीत तशीच आहे असे तिने सांगितले. या एका वाक्यावरून लेखकाने असा निष्कर्ष काढला आहे की, धर्मांतरानंतरही या समाजाने गावाची प्रतवारी मनातून स्वीकारलेली आहे.

तो परिच्छेद मी मायला मराठीत सांगितला. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अरे, इचारनारा मानूस कोन व्हता? पाटलाचा पुतन्या. त्याच्या तोंडावर तुझी आजी दुसरं काय सांगन? त्याच्याच वावरात जायचं व्हतं ना खुरपायला."

दुभाषा पाटलाचा पुतण्या होता, ही गोष्ट संपूर्ण लेखात कुठेही नाही. आमच्या वस्तीने १९५६ नंतर येसकरकी सोडली, मेलेली ढोरे ओढणे सोडले, त्यासाठी गावाचा बहिष्कार सोसला, हेही त्यात नाही. आजीने ते सांगितले नसणार. पुतण्यापुढे कसे सांगावे? म्हणजे लेखकाने ज्याला स्वीकार म्हटले ती प्रत्यक्षात सावधगिरी होती. मी लेखकाला पत्र लिहिले. त्यांचे सौजन्याचे उत्तर आले. दुभाष्याच्या जातीचा आणि नात्याचा विचार आपण तेव्हा केला नव्हता, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. या माणसावर माझा राग नाही. त्यांनीच लेखाची प्रत खुली ठेवली नसती तर मला तो वाचताच आला नसता. पण दरम्यानच्या सगळ्या वर्षांत त्या लेखाचे बोट धरून आणखी किती जणांनी तोच निष्कर्ष पुढे नेला असेल? ज्यांना तो लेख वाचता येत होता त्यांना पाटलाचा पुतण्या माहीत नव्हता. ज्यांना पुतण्या माहीत होता त्यांच्यापर्यंत लेख पोचत नव्हता. दोन्ही गोष्टी एका माणसाच्या हाती येईपर्यंत चूक ही चूक म्हणून दिसतच नाही.

३

ही केवळ माझ्या आजीची गोष्ट नाही. अस्पृश्यांनी जातिव्यवस्था मनातून मानली आहे की नाही, हा मानवशास्त्रातला एक मोठा वाद आहे. मायकेल मोफॅट यांनी १९७९ मध्ये तामिळनाडूतल्या एका गावाच्या अभ्यासावरून असे मांडले की, अस्पृश्य जातींचे वरच्या जातींशी सांस्कृतिक मतैक्य असते, आणि त्या आपसांतही तीच उतरंड उभी करतात. त्याआधी जोन मेंचर यांनी १९७४ मध्ये 'करंट ॲन्थ्रोपॉलॉजी'त नेमके उलट म्हटले होते. तळाशी असलेल्यांच्या बाजूने पाहिले तर जात ही शोषणाची व्यवस्था दिसते, असा त्यांचा मुद्दा. जेरल्ड बेरेमन यांनी १९७१ मध्ये 'कॉन्ट्रिब्यूशन्स टु इंडियन सोशिऑलॉजी'त लुई द्युमाँ यांच्या मांडणीवर टीका करताना ती ब्राह्मणी दृष्टी असल्याचे सांगितले. रोबेर देल्येज यांनी १९९२ मध्ये 'मॅन' या नियतकालिकात मोफॅट यांचे म्हणणे पुन्हा तपासले.

वाद कोणाविषयी? आपल्याविषयी. वाद घालणारे कोण? एकही आपल्यातला नाही. आणि हा वाद ज्या नियतकालिकांत झाला ती बहुतेक वर्गणीच्या भिंतीआड. म्हणजे आरोपीच्या गैरहजेरीत खटला चालावा, साक्षीपुरावे व्हावेत, आणि निकालाची नक्कलही आरोपीला विकत घ्यावी लागावी, तसे हे झाले. गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त भारतीय समाजशास्त्रांतल्या या श्रमविभागणीवर बोट ठेवले: सिद्धान्त मांडणारे ब्राह्मण आणि माहिती पुरवणारे शूद्र. मला त्यात एवढीच भर घालावीशी वाटते की, माहिती पुरवणाऱ्याला त्या माहितीचे पुढे काय झाले हे वाचताही येऊ नये, ही त्या विभागणीची शेवटची पायरी आहे.

४

आता खुली दारे कोणती, ते पाहू. ही यादी कोरडी वाटेल. पण विद्यार्थ्यांच्या ती उपयोगाची आहे.

पहिले दार संपूर्ण खुल्या नियतकालिकांचे. अमेरिकेतल्या सोसायटी फॉर कल्चरल ॲन्थ्रोपॉलॉजीचे 'कल्चरल ॲन्थ्रोपॉलॉजी' हे या शास्त्रातले वजनदार नियतकालिक २०१४ पासून सर्वांना खुले आहे. जपानमधल्या नागोया येथील नान्झान विद्यापीठाचे 'एशियन एथ्नॉलॉजी' खुले आहे. १९४२ साली पेकिंगमध्ये लोकविद्येचे नियतकालिक म्हणून ते सुरू झाले. दक्षिण आशियावरचे 'साउथ एशिया मल्टिडिसिप्लिनरी ॲकॅडमिक जर्नल' २००७ पासून विनामूल्य निघते. नेपाळ आणि हिमालयीन प्रदेशावरचे 'हिमालय' खुले आहे. ब्रँडाइस विद्यापीठातून २०२० साली सुरू झालेले 'कास्ट' हे सामाजिक वगळणुकीवरचे नियतकालिक तर थेट आपल्या प्रश्नाचे, आणि तेही खुले.

दुसरे दार नव्या पद्धतीचे. यात ग्रंथालये नेहमीप्रमाणे वर्गणी भरतात, आणि पुरेशी वर्गणी जमली की त्या वर्षीचे लेख साऱ्या जगाला खुले होतात. बर्गहान या प्रकाशनसंस्थेने २०२० मध्ये मानवशास्त्राची तेरा नियतकालिके अशा रीतीने खुली केली. 'ॲन्युअल रिव्ह्यू ऑफ ॲन्थ्रोपॉलॉजी' हेही याच पद्धतीत आले आहे. एखाद्या विषयावर आजवर काय काय लिहिले गेले, याचा आढावा त्यात असतो. एम. ए.च्या विद्यार्थ्याने अभ्यासाला सुरुवात करावी ती इथून.

तिसरे दार लेखकांच्या प्रतींचे. माझ्या आजीचा लेख मला याच दाराने मिळाला. 'गूगल स्कॉलर'वर लेखाच्या नावाखाली त्याच्या इतर आवृत्त्यांचा दुवा असतो, तो उघडून पाहावा. भिंतीआडच्या लेखाची मोफत प्रत पुष्कळदा तिथे सापडते. 'अनपेवॉल' नावाचे साधन हेच काम आपोआप करते. काहीच न मिळाले तर लेखकाला सरळ दोन ओळींचे पत्र लिहावे. माझा अनुभव असा की, दहांतले सहा-सात जण प्रत पाठवतात. आपली पोरे पत्र लिहायला बिचकतात. इंग्रजी चुकेल, लेखक काय म्हणेल, अशी भीती वाटते. ही भीती मोडणे हे शिक्षकाचे काम आहे.

चौथे दार जुन्या लिखाणाचे. 'इंडियन ॲन्टिक्वरी', मुंबईच्या ॲन्थ्रोपॉलॉजिकल सोसायटीचे जुने अंक, मुंबई इलाख्याची गॅझेटियर्स, एन्थोवेन यांचे खंड 'इंटरनेट अर्काइव्ह'वर आहेत. रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे १९१६ चे चार खंड 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'वर आहेत. या लिखाणात आपल्याविषयी अपमानकारक मजकूर भरपूर आहे. तो वाचताना संताप येतो. तरीही वाचले पाहिजे. कारण आजच्या अनेक सभ्य विधानांची मुळे तिथे आहेत. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथात शरीरमापनाचीच आकडेवारी घेऊन अस्पृश्य हा वेगळा वंश असल्याचा सिद्धान्त मोडून काढला, हे लक्षात ठेवावे.

पाचवे दार आपल्या देशातल्या प्रबंधांचे. 'शोधगंगा'वर भारतीय विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध कोणालाही वाचता येतात. दर्जा सारखा नाही, नक्कलही आढळते. पण आपल्याच पिढीतल्या मुलामुलींनी आपल्याच वस्त्यांवर केलेले काम तिथे आहे, आणि त्यातले काही मराठीत आहे.

या सर्वांची एकत्र सूची हवी असेल तर स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात २००३ साली सुरू झालेली 'डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस जर्नल्स' पाहावी. वीस हजारांहून अधिक खुल्या नियतकालिकांची नोंद तीत आहे. विषयानुसार शोधता येते, आणि लेखकाकडून पैसे घेतले जातात की नाही, हेही प्रत्येक नोंदीत दिलेले असते.

५

इथवर वाचून कोणी म्हणेल की, मग तक्रार कसली? दारे तर उघडी आहेत! या भ्रमात राहून चालणार नाही. खुलेपणाचीही चिकित्सा केली पाहिजे.

२०११ साली 'हाऊ' नावाचे मानवशास्त्राचे नियतकालिक निघाले. 'हाऊ' हा न्यूझीलंडच्या माओरी लोकांचा शब्द. दिलेल्या वस्तूत देणाऱ्याचा काही अंश राहतो आणि तो परतफेड मागतो, अशी ती कल्पना. मार्सेल मॉस यांच्या दानविषयक निबंधामुळे ती मानवशास्त्रात प्रसिद्ध झाली. नियतकालिक विनामूल्य होते, मोठमोठ्या अभ्यासकांनी त्यात लिहिले, आणि खुल्या ज्ञानाचा नमुना म्हणून त्याचा गौरव झाला. २०१८ साली ते शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनाकडे गेले आणि वर्गणीचे झाले. दानाच्या नावाने निघालेले नियतकालिक सात वर्षांत दुकानात गेले!

दानाविषयी आम्हाला मानवशास्त्रज्ञांनी शिकवण्याचे कारण नाही. बलुत्याच्या खळ्यावर ओंजळभर धान्य घालणारा हात मागच्या वर्षीपेक्षा कमीही घालू शकतो, हे आमच्या आज्यांना ठाऊक होते. ज्ञान दान म्हणून मिळत असेल तोवर ते केव्हाही आखडले जाईल. ते हक्क म्हणून मिळाले पाहिजे.

मग सरकारचे काय? २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके, सहा हजार तीनशेंवर संस्था. १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. योजना चांगली आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु ती केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. महाराष्ट्रात तालुक्याच्या गावचे महाविद्यालय बहुधा खाजगी शिक्षणसंस्थेचे असते. आपली पोरे तिथे शिकतात. माझे महाविद्यालय या योजनेत नाही. आणि ज्या संस्था आहेत, तिथलीही सवलत संस्थेत असेपर्यंतच. पदवी घेऊन बाहेर पडलेला, नोकरी न मिळालेला कार्यकर्ता पुन्हा भिंतीबाहेर. शिवाय सहा हजार कोटी जातात ते त्याच प्रकाशकांकडे. भिंत पाडली जात नाही. काही जणांना आत जाण्याचा परवाना दिला जातो.

दुसरी गोष्ट लिहिण्याची. पुष्कळ नियतकालिके वाचकाला मोफत झाली, पण खर्च त्यांनी लेखकावर टाकला. मोठ्या प्रकाशकांकडे एक लेख खुला छापायला दोन-तीन हजार डॉलर लागणे नवलाचे नाही. श्रीमंत देशांत ते विद्यापीठ भरते. आपल्याकडे कोण भरणार? वाचायला फुकट आणि बोलायला महाग, अशा समतेचा आपल्याला काय उपयोग? माहिती पुरवणारा आता वाचू शकेल, पण उत्तर देऊ शकणार नाही. म्हणून ज्या नियतकालिकांत वाचक आणि लेखक दोघांकडूनही पैसे घेत नाहीत, तीच खऱ्या अर्थाने खुली मानावीत, असे माझे मत आहे.

या पैशाच्या वाटेवर भामटेही बसले आहेत. चार-दोन हजार रुपये घ्यायचे आणि आठवड्यात काहीही छापायचे, असा धंदा आपल्या देशात बोकाळला. बढतीसाठी गुण हवेत म्हणून आमच्यासारखे शिक्षक त्याला बळी पडले. काही आनंदाने पडले, हेही कबूल केले पाहिजे. २०१८ च्या मे महिन्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके एकदम काढून टाकली. पुढे 'केअर' यादी आली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद झाल्याचे जाहीर झाले. आता पारख आपली आपणच करायची आहे. खुले असणे आणि खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरी भिंत भाषेची, आणि तीच सर्वांत उंच. वर सांगितलेली बहुतेक नियतकालिके इंग्रजीत आहेत. माझ्या मायला तो लेख मी मराठीत सांगितला, म्हणून पाटलाचा पुतण्या बाहेर आला. नुसता लेख खुला होऊन ते घडले नसते. या बाबतीत एक चांगले उदाहरण आपल्या घरातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या खुल्या संग्रहात येऊ लागल्या. बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यांत आहेत. मूळ मराठी तिथे आहे, आवाज आहे, आणि गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, जात, शेतीवाडी यांची नोंद आहे. माझी आजी मात्र त्या लेखात साठीची एक स्त्री म्हणून राहिली. संशोधनात नाव लपवण्यामागे माणसाला त्रास होऊ नये हा हेतू असतो, तो मला समजतो. पण नाव द्यायचे की लपवायचे, हे तिला विचारायला हवे होते.

६

चवदार तळ्याची आठवण इथे येणे साहजिक आहे. ती उपमा जपून वापरली पाहिजे. पैशाची भिंत म्हणजे अस्पृश्यता नव्हे, आणि लेख न मिळणे म्हणजे डोकी फुटणे नव्हे. पण त्या इतिहासातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ पर्यंत त्या पाण्याला आपला हात लागला नव्हता. खुले झाल्याचा कागद आणि ओंजळीत पाणी यांच्यामध्ये चालत जाण्याचे अंतर होते, आणि ते आपल्यालाच चालावे लागले.

आज खुल्या नियतकालिकांचा ठराव बऱ्याच अंशी झाला आहे. चालत जाणारे किती? मी माझ्या वर्गात विचारले, तेव्हा 'डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस जर्नल्स'चे नाव एकाही हाताला माहीत नव्हते. त्यात मुलांचा दोष नाही. मलाही ते वयाच्या तिसाव्या वर्षानंतर कळले. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. पण त्यातून काय मिळू शकते, हे सांगणारे त्यांच्या घरात कोणी नाही आणि महाविद्यालयातही फारसे नाही.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो. प्रत्येक महाविद्यालयातल्या आपल्या शिक्षकाने दर सत्राला दोन तास काढून ही दारे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष उघडून दाखवावीत. महिन्यातून एकदा अभ्यासमंडळात आपल्यावर लिहिलेला एक खुला लेख घ्यावा, त्याचा मराठीत सारांश करावा आणि तो वस्तीतल्या जाणत्या माणसांना वाचून दाखवावा. त्यांनी जे खोडून काढले, जे पुरवले, ते लिहून ठेवावे. सारांश छापण्यासाठी या नियतकालिकाने चार पाने राखून ठेवावीत, अशी संपादकांना विनंती. तसेच आपल्या वस्तीत येणाऱ्या प्रत्येक संशोधकाला चहाच्या आधी एक प्रश्न विचारावा: हे लिखाण आम्हाला कुठे आणि कोणत्या भाषेत वाचायला मिळेल? उत्तर समाधानकारक नसेल तर चहा द्यावा, माहिती देण्याची घाई करू नये.

शेवटी आपल्या घरातही डोकवावे लागेल. दलित चळवळीतून निघालेल्या किती नियतकालिकांचे जुने अंक आज विद्यार्थ्याला मिळतात? कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या ट्रंकेत, कोणाच्या विधवेच्या कपाटात ते कसर खात पडले आहेत. बाबासाहेबांच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १९७९ साली वसंत मून यांच्या संपादनाखाली निघाला. आज त्या मालेतले इंग्रजी खंड कोणालाही संगणकावर वाचता येतात. मग चळवळीतल्या नियतकालिकांचे तसे का होऊ नये? अमेरिकेतल्या प्रकाशकाने कुलूप काढावे असे म्हणताना आपल्या ट्रंकेची किल्ली आपणच हरवून बसलो आहोत, हे बरे नव्हे. या नियतकालिकाचे जे अंक माझ्याकडे आहेत ते मी छायांकित करायला घेतले आहेत. ज्यांच्याकडे इतर वर्षांचे असतील त्यांनी कळवावे. मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि परत आणून देईन.

आजीवरच्या त्या लेखाला मी उत्तर लिहितो आहे. ते इंग्रजीत होईल तेव्हा होईल, आणि लेखकाकडून पैसे न घेणाऱ्या नियतकालिकाकडेच जाईल. मराठीत ते आधी मायला वाचून दाखवणार आहे. पाटलाच्या पुतण्याबद्दल तिला अजून पुष्कळ सांगायचे आहे.